पहिली गाडी, सेकंडहँड बाजार आणि आंब्याची पेटी

२२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला, तेव्हापासून पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्या घरांमध्ये एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जात आहे. हाताशी चार-पाच लाख रुपये असतील तर थोडे कर्ज काढून नवी छोटी गाडी घ्यावी, की तेवढ्याच पैशांत चार-पाच वर्षे वापरलेली, पण जरा ऐसपैस गाडी घ्यावी? यावर काका एका कंपनीचे नाव सांगतात, मामा दुसरीचे, आणि ऑफिसातला सहकारी दोन्ही नावे मोडीत काढून तिसरेच सुचवतो. सल्ल्यांची ही सुरुवातच मला चुकीच्या टोकाकडून झालेली वाटते. ‘कोणत्या कंपनीची गाडी विश्वासार्ह?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न समोर उभ्या असलेल्या एका विशिष्ट गाडीचा आहे. तिच्या विकणाऱ्याला तिच्याबद्दल जे ठाऊक आहे, त्यातले आपल्याला किती ठाऊक आहे?

आधी कराचा हिशेब

करकपातीतली ‘छोटी गाडी’ म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीची आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंतचे, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेली गाडी. पेट्रोलच्या अशा गाडीवर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता, तो आता १८ टक्के आहे. अनेकांनी यावरून किंमत ११ टक्क्यांनी उतरेल असे धरले, परंतु कर मूळ किमतीवर लागतो, करासहित किमतीवर नाही. म्हणून १२९ रुपयांची वस्तू ११८ रुपयांना मिळू लागते आणि प्रत्यक्ष घट साधारण साडेआठ टक्के भरते. त्यावर महाराष्ट्रातला एकरकमी वाहनकर येतो, जो दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे, आणि विमा व नोंदणीचा खर्च वेगळा.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानेही हे आकडे डोक्यात ठेवावेत, कारण जुन्या गाडीची किंमत नेहमी नव्या गाडीच्या आजच्या किमतीला बांधलेली असते. ‘मी आठ लाखांना घेतली होती’ हे विकणाऱ्याचे वाक्य खरे असले तरी सौद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तिथून मोजायला सुरुवात करायची. विमा कंपन्या असेच मोजतात. चोरी किंवा संपूर्ण नुकसान झाल्यास मिळणारी जी कमाल रक्कम पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून छापलेली असते, ती काढताना आजच्या किमतीतून एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा वजा करतात. बाजारभाव याच्या वरखाली होतो, मागणी असलेल्या मॉडेलला तर बराच वर जातो, पण घासाघीस कुठून सुरू करावी हे या तक्त्यावरून कळते.

‘विश्वासार्ह’ म्हणजे नेमके काय?

मायलेज चांगले, एसी थंड, पडदा मोठा आणि पत्रा जाड, या चारही गोष्टींना आपण बोलताना ‘चांगली गाडी’ म्हणतो. विश्वासार्हता त्यांच्यापासून वेगळी आहे. गाडी न सांगता रस्त्यात बंद पडत नाही, आणि जेव्हा खर्च काढते तेव्हा तो अपेक्षित वेळी व अपेक्षित आकाराचा असतो, एवढाच तिचा अर्थ आहे.

घरातल्या प्रेशर कुकरवरून हे लवकर समजते. कुकरची रिंग सैल होते, शिटी अडकते, मुठीचा स्क्रू निघतो. हे सगळे बाजारात थोड्या पैशांत मिळते आणि त्यासाठी कोणी कुकर टाकून देत नाही. मात्र तळ फुगला किंवा झाकण बसायची कड वाकली, तर तो कुकर कितीही चकचकीत असला तरी संपला. गाडीत टायर, बॅटरी, ब्रेकपॅड, क्लचप्लेट, वायपर, सस्पेन्शनचे रबरी बुश ही रिंग आणि शिटी आहेत. ती झिजण्यासाठीच असतात, आणि ती झिजलेली दिसली तर भाव कमी करून घ्यावा, गाडी नाकारू नये. सांगाडा म्हणजे चासी, इंजिनचा आतला भाग, गिअरबॉक्स आणि वायरिंगचे जाळे हा कुकरचा तळ आहे. पहिल्यांदा गाडी घेणारे नेमके उलटे वागतात: घासलेल्या बंपरवर तासभर वाद घालतात आणि बॉनेटखाली, गाडीखाली डोकावतही नाहीत.

यंत्रांच्या आयुष्याचा एक ढोबळ नियमही इथे उपयोगी पडतो. बिघाड सुरुवातीला थोडे जास्त असतात, कारण बनावटीतले दोष तेव्हा उघड होतात. मधली बरीच वर्षे शांततेची जातात, आणि शेवटी झीज वाढून बिघाड पुन्हा वाढतात. तीन ते सहा वर्षांची गाडी बहुधा या मधल्या टप्प्यात असते आणि तिच्या किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. पहिल्या गाडीसाठी मी हाच टप्पा सुचवतो. नवशिक्या हाताने पहिल्या वर्षात दोन-चार ओरखडे पडणारच असतात, हेही त्यामागचे एक व्यावहारिक कारण आहे.

विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या त्या निबंधाची कल्पना इतकी मूलभूत ठरली की २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांमध्ये ते होते. अमेरिकेत बिघडलेल्या, डोकेदुखी ठरणाऱ्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतो, हा निव्वळ योगायोग आहे.)

कल्पना अशी. बाजारात चांगल्या गाडीची रास्त किंमत चार लाख आहे आणि आतून खराब असलेल्या गाडीची दोन लाख, परंतु बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. घेणारा हिशेब करतो की आपल्या वाट्याला कोणती येईल ते सांगता येत नाही, म्हणून तीन लाखांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. चांगल्या गाडीचा मालक तीन लाखांत विकायला तयार होत नाही. तो ती घरीच ठेवतो किंवा मेहुण्याला देतो. खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने पुढे येतो. बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, तसा घेणारा आणखी कमी भाव देतो आणि उरलेसुरले चांगले मालकही निघून जातात. आंब्याच्या पेटीत वरचा थर पिवळाधमक आणि पेंढ्याखाली काय ते देव जाणे, असे दोन-तीनदा झाले की गिऱ्हाईक सगळ्याच पेट्यांना कमी भाव सांगू लागते आणि प्रामाणिक बागायतदार पेटी त्या बाजारात आणायचेच बंद करतो, तसेच हे.

या कोंडीतून बाहेर पडायचे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे जिची माहिती आपल्याला आधीपासून आहे अशी गाडी घेणे: नात्यातली, शेजारची, सोसायटीतली, जी आपण रोज उभी पाहिली आहे आणि जिचा मालक उद्याही भेटणार आहे. अशी गाडी दहा-वीस हजारांनी महाग पडली तरी घ्यावी, कारण ते पैसे माहितीचे आहेत. दुसरा मार्ग पेंढा बाजूला करून पेटीचा खालचा थर पाहण्याचा.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही, आणि त्यातही ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, ते आधी बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे आरसी म्हणतात. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की त्यातल्या मुख्य नोंदी घरबसल्या दिसतात, आणि त्या विकणाऱ्याच्या हातातल्या कागदाशी जुळवून पाहता येतात.

सध्याचा मालक कितवा आहे ते पहिल्यांदा पाहावे. बोजाची नोंद असेल, म्हणजे गाडी कर्जावर असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ‘हप्ते संपले आहेत, फक्त नोंद काढायची राहिली आहे’ हे विधान खरे असू शकते, पण ती नोंद काढण्याचे काम विकणाऱ्याचे आहे. गाडीचा वर्ग खासगी आहे की पूर्वी ती टूरिस्ट पासिंगची होती, हेही तपासावे. गोव्यात पर्यटकांना भाड्याने दिलेली गाडी किंवा शहरात टॅक्सी म्हणून पळालेली गाडी पुढे खासगी करून विकली जाते. त्यात बेकायदा काही नाही, पण अनेक हातांनी चालवलेल्या गाडीचा भाव एका हाताच्या गाडीसारखा असू नये. सीएनजीची टाकी नंतर बसवलेली असेल तर तिची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली हवी.

परराज्यातली गाडी स्वस्त का आहे, हा प्रश्न तर विचारायलाच हवा. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल व पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासूनच्या आदेशांमुळे निर्बंध आले, आणि तिथल्या मुदतीच्या जवळ आलेल्या गाड्या इतर राज्यांच्या बाजारांत उतरू लागल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो आणि महाराष्ट्राचा वाहनकर नव्याने भरावा लागतो. हा कर किमतीत मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते.

विम्याच्या कागदात एक गोष्ट दडलेली असते जिच्याकडे फारच थोडे लोक पाहतात. वर्षभरात भरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते, तिला नो-क्लेम बोनस म्हणतात. ती सूट २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ अशी चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते आणि एकदा भरपाई मागितली की शून्यावर येते. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, ‘एकदाही न ठोकलेल्या’ गाडीच्या पॉलिसीवर ही सूट शून्य किंवा २० टक्के दिसली, तर विमा कंपनीला सांगितलेली गोष्ट आपल्याला सांगायची राहिली असावी. मध्ये पॉलिसी खंडित झाल्यासही सूट जाते, त्यामुळे हा पुरावा धरू नये. पण सरळ प्रश्न विचारायला तेवढा आधार पुरतो. शेवटी थकलेली ई-चलने पाहावीत. एकाच गाडीवर अतिवेगाची आठ-दहा चलने असतील तर रकमेपेक्षा ती गाडी कशी चालवली गेली हे त्यातून जास्त कळते.

मीटरवर विश्वास ठेवावा का?

बैलबाजारात बैलाचे वय मालकाच्या तोंडून ठरत नाही, बैलाच्या दातांवरून ठरते. गाडीचे वय मीटरवरून ठरवणे म्हणजे मालकाच्या तोंडावर विश्वास ठेवणे, कारण डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. गाडीचे दात दुसरीकडे असतात. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची गुळगुळीत चमक, गिअरच्या मुठीवर पुसट झालेले आकडे आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड या चार जागा पाहाव्यात. मीटर ३० हजार किलोमीटर सांगत असेल आणि पेडलचे रबर घासून सपाट झालेले असेल, तर खरे रबर बोलते. आणि आठ वर्षांच्या गाडीत ते रबर कोरे करकरीत असेल, तर ते का बदलले हाही प्रश्नच आहे.

टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडीही २०२१ ची आणि टायर मूळचे असतील तर कमी किलोमीटरचा दावा पटण्याजोगा आहे; २०२१ च्या गाडीला २०२४ चे चारही टायर असतील तर २० हजार किलोमीटर पटत नाही. काचांवरही बनवणाऱ्याची खूण व वर्षाचा संकेत असतो, आणि एकच काच वेगळी निघाली तर त्या बाजूला काहीतरी घडलेले असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे दर भेटीच्या किलोमीटरची नोंद असते. ती त्रयस्थाला सहसा देत नाहीत, म्हणून मालकाला सोबत घेऊन जावे. जो मालक यायला टाळाटाळ करतो, त्याने न येताच बरेच सांगितलेले असते.

कमी चाललेली गाडी आपोआप चांगली असते असेही नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची रबरे सुकतात, बॅटरी मरते, ब्रेक गंजून चिकटतात. आणि ‘डॉक्टरची गाडी आहे’ या वाक्यावर एक रुपयाही वाढवू नये. जितक्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या जातात, तितके डॉक्टर बहुधा महाराष्ट्रात नसतील.

पुरात बुडालेली गाडी

जुलै २००५ मधली मुंबई, ऑगस्ट २०१९ मधले सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मधले चिपळूण आणि महाड. या प्रत्येक पुरात शेकड्यांनी गाड्या पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी ते संपूर्ण नुकसान मानते, मालकाला रक्कम देते, आणि उरलेले वाहन भंगाराच्या भावात विकले जाते. त्यातल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. काही धुऊन, पुसून, नवी सीटकव्हर चढवून पुन्हा बाजारात येतात, आणि शक्यतो जिथे तो पूर आलेला नव्हता अशा जिल्ह्यात.

पाणी इंजिनपेक्षा वायरिंगचे जास्त वाईट करते. इंजिन खोलून साफ करता येते, पण गाडीभर पसरलेल्या शेकडो जोडांमध्ये शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने गंज धरत राहतो, आणि मग पावसाळ्यात कधी हेडलाइट जातो, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी गाडी सुरूच होत नाही. कोणताही मेकॅनिक अशा गाडीला एकदाच कायमची बरी करू शकत नाही. ओळखण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सीटबेल्ट: तो पूर्ण बाहेर ओढला की एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेषा दिसते, कारण धुणाऱ्याचा हात तिथवर पोहोचत नाही. सीटखालचे लोखंडी रूळ, स्टेपनीचा खड्डा आणि गालिच्याखालचा पत्रा हेही पाहावे. सगळ्या काचा बंद करून पाच मिनिटे गाडीत बसावे. कुबट वास अत्तराच्या बाटलीने झाकलेला असेल तर ती बाटलीच खूण समजावी. किनारपट्टीवरच्या गाड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. खाऱ्या हवेने त्यांचा पत्रा खालून गंजतो, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्ग पासिंगची गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

गाडी थंड असताना पाहावी

आपण पोचण्याआधीच गाडी सुरू करून तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. इंजिनचे बहुतेक आजार थंडपणी सुरू करताना बोलतात: लांबलेला सेल्फ, पहिल्या काही सेकंदांची खडखड, आणि धूर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दह्याच्या सायीसारखा थर असेल तरी तोच संशय घ्यावा, फक्त थंड, दमट हवेत थोडासा थर निरोगी गाडीतही दिसतो.

स्टिअरिंगखाली एक छोटा सॉकेट असतो, ज्याला ओबीडी म्हणतात. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड त्यातून वाचता येतात आणि ते वाचणारे स्कॅनर आता साध्या गॅरेजमध्येही असतात. विकणारा आदल्या दिवशी बिघाडाच्या नोंदी पुसून टाकू शकतो हे खरे आहे, परंतु नोंदी पुसल्या की संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस गाडी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ असे दाखवत राहतात. एकही बिघाड नाही आणि बहुतेक तपासण्या अपूर्ण, असे चित्र दिसले तर पाटी नुकतीच पुसलेली आहे किंवा बॅटरी नुकतीच काढलेली आहे.

‘पण अमुक कंपनीच्या गाड्या चांगल्याच असतात’

असतात, आणि त्याचे कारण बऱ्याचदा कंपनीच्या लौकिकाइतकेच तिच्या संख्येत असते. जे मॉडेल लाखोंनी विकले गेले आहे, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि त्याचे दुखणे तिथल्या मेकॅनिकला पाठ असते. बाजारातून गेलेल्या कंपनीची दणकट गाडी कमी भावात मिळते, पण तिच्या एका सेन्सरसाठी पंधरा दिवस थांबावे लागले तर तिचा दणकटपणा काय कामाचा?

बॅज आणि यंत्र यांचे नाते मात्र वाटते तितके सरळ नाही. फियाटने विकसित केलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन एके काळी मारुती स्विफ्टमध्ये, टाटा इंडिका व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्ये होते; पुण्याजवळच्या रांजणगावात ते फियाट आणि टाटांसाठी बने, तर मारुती ते हरियाणातल्या आपल्या कारखान्यात बनवे. मोटारींवर लिहिणारे त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. चौकाचौकात ‘हिचे इंजिन चांगले, तिचे वाईट’ असे वाद घालणारे अनेकजण एकाच इंजिनाबद्दल भांडत होते. कंपनीच्या नावाआधी मॉडेल, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी पाहावी, आणि बाजारात येऊन निदान दोन वर्षे झालेले मॉडेल निवडावे, म्हणजे त्यातले सुरुवातीचे दोष दुसऱ्यांच्या खर्चाने निघालेले असतात.

‘डिझेल परवडते ना?’ आणि ई-२०चे काय?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी ही गाळणी स्वतःच जाळते, पण त्यासाठी ती सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते, आणि तेवढी उष्णता महामार्गावर सलग चालल्यावरच मिळते. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत, असा वापर असेल तर गाळणी तुंबते आणि इंधनात वाचलेले पैसे तिच्यावर जातात. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटरचा लांब प्रवास नसेल तर पहिली गाडी पेट्रोलचीच असावी.

पेट्रोलबद्दलची आजची चिंता ई-२०ची आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ते पाचवा हिस्सा मिसळले तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि जुन्या गाडीचे मायलेज थोडे उतरते ते यामुळे. मायलेज निम्म्यावर येते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवायचे कारण नाही. दुसरा मुद्दा रबराचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० सोसणारे भाग आहेत, त्याआधीच्या काही गाड्यांत रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. नळ्या बदलणे म्हणजे पुन्हा कुकरची रिंग बदलणे. त्यामुळे २०१९ ची गाडी केवळ ई-२०च्या धास्तीने नाकारू नये, पण टाकीत तेच इंधन महिनोन्‌महिने ठेवून ती उभीही करू नये, कारण इथेनॉल हवेतला ओलावा शोषते.

जुनी किती जुनी असावी?

याचे उत्तर मी सुरक्षिततेच्या कॅलेंडरवरून देतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या मूळ आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या, तेव्हा एकीलाही प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम एकेक करून आले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, धडक-चाचणीचे किमान निकष सर्व मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून सक्तीची झाली. म्हणून नवशिक्या चालकासाठी २०१९ च्या अखेरीची किंवा त्यानंतरची गाडी शोधावी. बजेट कमी असेल तर मोठी जुनी गाडी घेण्यापेक्षा छोटी, पण या तारखेनंतरची घ्यावी. यावर ‘पूर्वीचे पत्रे जाड होते’ असे ऐकवले जाते; परंतु पत्रा आणि सांगाडा ठरावीक जागी चुरगळून धडकेची शक्ती खाऊन टाकतो तेव्हाच आतला माणूस वाचतो, आणि न चुरगळणारी गाडी ती शक्ती आतल्या माणसाकडे पोहोचवते.

‘एवढे करण्यापेक्षा मोठ्या विक्रेत्याकडून घेतली तर?’

घेता येते, आणि अनेकांसाठी तेच सोयीचे आहे. तिथे दोनशे मुद्द्यांची तपासणी, काही महिन्यांची हमी आणि परत करण्याची मुदत मिळते; त्याबदल्यात किंमत जास्त असते. दोनशे मुद्द्यांच्या यादीपेक्षा हमीच्या कागदातले वगळलेले भाग वाचावेत, कारण इंजिन-गिअरबॉक्स हमीत असतात आणि नेमके टर्बो, इंजेक्टर, एसी कॉम्प्रेसर नसतात, असे होऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. ते पत्र दाखवा म्हणण्यात संकोच वाटू देऊ नये. विक्रेता कोणीही असो, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन सोबत न्यावे. मात्र गाडी सुचवणारा आणि तपासणारा माणूस एकच नसावा.

नाव बदलेपर्यंत

सौदा ठरल्यावर टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात, पैसे दिले जातात, किल्ली हातात येते, आणि इथेच बहुतेक लोक निर्धास्त होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातल्या व्यवहाराची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि मध्ये गाडी कितीही हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून सह्या करून फॉर्म कोरे सोडणारा विकणारा स्वतःच धोका पत्करतो, हे त्याला सांगितले तर तोही कामाला लागतो.

घेणाऱ्याचा धोका विम्यात आहे. गाडी हस्तांतरित होताच दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाच्या नावे झाल्याचे मानले जाते, पण विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव चढवून घ्यावे लागते. तसे न करता गाडी ठोकली गेली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते, कारण पॉलिसी अजून जुन्या मालकाची असते. त्याचा नो-क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, कारण तो माणसाचा असतो. त्यामुळे नाव बदलताना कंपनी फरकाची रक्कम मागते, आणि ती सौद्याच्या दिवशीच बाजूला काढून ठेवावी.